भाचा गोल्फ खेळतो, पोटासाठी. अजून किती वर्षं द्यायची?

उद्यमबाग_फिटर
रविवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी बेळगावचा. अनगोळला घर, उद्यमबागेत छोटं मशीन शॉप. फाउंड्रीवाल्यांची कास्टिंगं आणायची, मापात करून द्यायची, एवढाच धंदा. विषय भाच्याचा आहे. वय २६. गोल्फ खेळतो. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. पोट अजून भरलेलं नाही, म्हणून हा धागा.

भावोजी एका लष्करी गोल्फ मैदानावर माळी होते. पोरगा नवव्या वर्षी झुडपातले चेंडू वेचायचा, बाराव्या वर्षी साहेबलोकांच्या बॅगा उचलायचा. कुणीतरी दांडा कापून आखूड केलेला सात नंबरचा जुना आयर्न दिला, तिथून सगळं सुरू झालं. एकोणिसाव्या वर्षी प्रोफेशनल झाला. म्हणजे काय, तर बक्षिसाचे पैसे घ्यायला मोकळा आणि हौशींच्या स्पर्धांना मुकला. परीक्षा पास झाल्यासारखे आम्ही पेढे वाटले. पगार कधी सुरू होणार, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा सगळे हसलो होतो.

सात वर्षं झाली. आधी फीडर टूर, म्हणजे मुख्य टूरच्या खालची. मग क्वालिफाइंग स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, दोनदा नापास. तिसऱ्यांदा पीजीटीआयचं, म्हणजे देशातल्या मुख्य टूरचं, कार्ड मिळालं, वर्षभर खेळायचा परवानाच तो. वर्षअखेर कमाईच्या यादीत खाली राहिला, कार्ड गेलं, परत फीडर. आता मुख्य टूरवर वरच्या कुणी माघार घेतली, की ह्याला बोलावणं येतं, तेही कधी दोन दिवस आधी. मग रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बंगळूर, तिथून पुढं जमशेदपूर म्हणा, अहमदाबाद म्हणा, चंदीगड म्हणा.

मागल्या वर्षाचा माझ्या वहीतला हिशेब देतो. १७ स्पर्धा. एका आठवड्याला प्रवेश फी, प्रवास, दोघांत एक खोली, कॅडी, जेवणखाण धरून सरासरी ३८ हजार. म्हणजे साडेसहा लाखाच्या आसपास गेले. सातच ठिकाणी कट गाठला, आले तीन लाख दहा हजार. उरलेल्या दहापैकी चार ठिकाणी कट हुकला तो एका स्ट्रोकनं, म्हणजे एका फटक्यानं. एका!

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ८१. आनंदवाडीच्या आखाड्यातलं एक मैदान त्यांनी कधी चुकवलं नाही. दर आठवड्याला मला विचारतात, "कट हुकला म्हंजे काय गा? चीतपट का बरोबरीत सुटली?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

तर प्रश्न सरळ आहे. ह्याला अजून किती वर्षं द्यायची? आक्का म्हणते तू ठरव, पैसे तुझे. भाचा म्हणतो, मामा, अजून दोन वर्षं. मागल्या वर्षीही दोनच म्हणत होता.


निपाणीचा_पाव्हणा
रविवार, रात्री १०.४१

साडेसहा घालून तीन काढायचे, म्हणजे आमच्या तंबाखूसारखंच की हो. :-) थट्टा राहू दे. वाचालोय. जाणकारांनी लिहा.


आकडेमोड
सोमवार, सकाळी ७.०५

पुण्यात राहतो. बँकेतून निवृत्त. स्वतः वाईट गोल्फ खेळतो, पण स्पर्धांचे निकाल चवीनं वाचतो. ज्यांना ह्या खेळातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं.

पीजीटीआय, म्हणजे भारतातली पुरुषांची व्यावसायिक टूर, २००६ पासून आहे. नेहमीच्या स्पर्धेत सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात. चार दिवस, रोज १८ होल. दोन दिवसांनंतर पहिले ५० आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढं जातात. बाकीचे घरी, रिकाम्या हातानं. ह्यालाच कट म्हणतात. म्हणजे दर आठवड्याला निम्म्याहून जास्त माणसं खिशातले पैसे घालून खेळून जातात. एक कोटीची स्पर्धा असेल तर विजेत्याला १५ लाख मिळतात, आणि तिथून खाली रक्कम भराभर उतरत जाते. बरोबरी झाली तर तेवढ्या क्रमांकांची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटतात, त्यामुळे शेवटच्या होलवर तीन फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलात ढकलायचा हलका फटका, हुकणं महाग पडतं. फीडर टूरवर हेच सगळं, फक्त स्पर्धा साधारण तीन दिवसांच्या आणि थैली फारच लहान.

आता तुमच्या वहीबद्दल. चारदा एका स्ट्रोकनं हुकलं, ह्याचं तुम्हाला दुःख आहे. साहजिक आहे. पण मला उलटा आकडा हवाय. सातदा कट गाठला, त्यात बरोबर रेषेवर उभा राहून कितीदा गाठला?


उद्यमबाग_फिटर
सोमवार, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत भाच्याला फोन करून विचारलं. म्हणाला, तीनदा.


आकडेमोड
सोमवार, दुपारी १.३८

मग हे नशीब नव्हे. चारदा एकानं हुकला, तीनदा काठावर तरला. त्याची सरासरीच कटच्या रेषेवर आहे. रेषेवर राहणारा माणूस अर्धा वेळ अलीकडं पडणार, अर्धा वेळ पलीकडं. फेरीमागं एक स्ट्रोक कमी करता आला तर चार दिवसांत चार होतात, आणि चार स्ट्रोकांत यादीतला चाळिसावा माणूस विसाच्या आत जाऊन बसतो. अठरा होलांत एक पट. अंतर एवढंच आहे. पण ते सगळ्यांनाच कापायचं असतं, म्हणून तर सात वर्षं लागतात.


उद्यमबाग_फिटर
सोमवार, रात्री ९.५०

हे मला पटकन कळलं, कारण आमच्यात असंच असतं. वीस मायक्रॉनचा टॉलरन्स दिलेला असला आणि पीस बावीसवर गेला, तर तो 'थोडासा चुकला' असं कुणी म्हणत नाही. रिजेक्ट. मटेरियल तेच, मेहनत तीच, वीजबिलही तेच. अण्णांना हेच सांगून बघितलं. म्हणाले, "मग तुझं मशीन बघ की. पीसला कशाला शिव्या देतोस?"

बोलता बोलता म्हातारा एकेकदा असं काही म्हणून जातो.


खानापूर_रान
सोमवार, रात्री १०.१५

राग येईल असं लिहिणार आहे, तुम्हाला येणार असेल तर येऊ दे. उन्हाळ्यात इकडं टँकरची वाट बघायची आणि तिकडं गवताला पाणी. हा खेळच साहेबांचा. अशा खेळात पोरगं घालून वर रडायचं कशाला? कबड्डी होती, खोखो होता, हॉकी होती.


तिसरे_रेल्वे_गेट
सोमवार, रात्री १०.२२

@खानापूर_रान, माळ्याच्या पोरानं साहेबांचा खेळ खेळून दाखवला, ह्यात रडण्यासारखं काय दिसलं तुम्हाला? नाशिकला गोल्फ क्लब मैदान म्हणून जे आहे तिथं लोक सकाळी फिरायला जातात, तसं सगळीकडं करायचं का?


खानापूर_रान
सोमवार, रात्री १०.३०

हो! करा की!


संपादक
सोमवार, रात्री १०.५८

पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. पुढचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.


सुभेदार_हिंडलगा
मंगळवार, पहाटे ५.३०

जय हिंद. मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली. गोल्फ फौजेतच शिकलो. फिटरसाहेब, तुमचा पोरगा मी बघितलाय असं वाटतंय. नाव विचारत नाही.

एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही. लहान छावण्यांतल्या बऱ्याच मैदानांवर हिरवळीची ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक गवताची जागा, नसायची. त्या जागी ब्राऊन. तेल घातलेल्या वाळूचं सपाट वर्तुळ. पट मारायच्या आधी फळी ओढून चेंडूची वाट साफ करायची, की चेंडू सरळ जातो. उतार बघायची सवय लागत नाही. गवताचा कल कुठं आहे, सकाळी दव असताना चेंडू किती धावेल, दुपारी किती, हे त्या वाळूवर कुणी शिकू शकत नाही. असा पोरगा बंगळूरच्या केजीएसारख्या मैदानावर पहिल्यांदा उतरला, की त्याचे लांबचे फटके बघून लोक वाहवा करतात आणि ग्रीनवर तो तीन-तीन पट घेतो. लांबचा फटका अंगात असतो. पटिंगला मैदान मिळावं लागतं. शहरातली पोरं दहाव्या वर्षापासून रोज दोन तास तेच करत असतात. आपल्या पोराला ते विसाव्या वर्षी मिळालं. ही दहा वर्षं कुठल्या वहीत मांडणार?

तरी कॅडीची पोरं वर आलीच. अली शेर दिल्लीचा. कॅडी होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, १९९३ ला पुन्हा. त्याच्याआधी ती जिंकलेला एकच भारतीय होता, पी. जी. सेठी, १९६५ साली, आणि तो हौशी खेळाडू. आपल्या कर्नाटकातला सी. मुनियप्पा. केजीएवर बॅगा उचलल्या, २००९ ची इंडियन ओपन घेऊन गेला. चिक्करंगप्पा बिडदीकडच्या ईगलटन गोल्फ रिसॉर्टच्या शेजारच्या गावातला. आणि महूचा मुकेश कुमार. २०१६ साली दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकला तेव्हा वय ५१. एशियन टूरवरचा पहिला विजय. एक्कावन्नाव्या वर्षी, पहिला!

म्हणून म्हणतो, २६ म्हणजे काहीच नाही. पोराला थांबवू नका.


निपाणीचा_पाव्हणा
मंगळवार, सकाळी ११.१०

सुभेदारसाहेब, तुमच्या शब्दाला मान आहे, पण तुम्ही दिलाय तो धीर नव्हे, सापळा आहे. सांगतो कसा ते.

माझा चुलतभाऊ पैलवान. निपाणी, चिकोडी, कागल, कोल्हापूर, सगळी मैदानं केली. खुराकाला गावानं पैसे दिले. दूध कुणी, बदाम कुणी, तालमीचं भाडं मंडळानं. मैदानात हरला तरी बिदागी घेऊन घरी यायचा. गोल्फवाल्यासारखं शून्य कधी नाही. आणि एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, बास. तो रडला, आम्ही रडलो, पण दुसऱ्या महिन्यात दुधाची डेअरी काढली. आज बरं चाललंय.

गुडघ्यानं त्याच्यावर उपकार केले. थांब म्हणून सांगणारं अंगातच काहीतरी होतं. गोल्फमध्ये ते नाही. तिशीतही चेंडू तेवढाच लांब जातो, चाळिशीतही जातो. वर एक्कावन्नाव्या वर्षी जिंकलेल्या माणसाची गोष्ट सगळ्यांना पाठ. मग थांब कोण म्हणणार? मामा? मामानं म्हटलं की मामा वाईट.


आकडेमोड
मंगळवार, सकाळी ११.४५

पाव्हणे, लाख बोललात. मुकेश कुमारबद्दल मात्र एक दुरुस्ती. तो एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत वाट बघत बसलेला माणूस नव्हता. तोवर देशातल्या शंभरावर व्यावसायिक स्पर्धा त्यानं जिंकल्या होत्या. घर त्यावरच चालत होतं. बाहेर फारसा गेला नाही, म्हणून मोठा विजय उशिरा आला. तेव्हा उदाहरण धीर धरण्याचं नाही, घरच्या टूरवर पोट भरण्याचं आहे. त्याच महूचा ओम प्रकाश चौहान २०२३ ला पीजीटीआयच्या यादीत पहिला आला आणि त्यावर युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळवून गेला. रस्ता आहे. पण यादीत पहिला.


शहापूरची_सुमन
मंगळवार, दुपारी ३.३०

सगळे पुरुष मिळून पट आणि कट करालाय. फिटरभाऊ, दर वर्षी साडेतीन लाखाचा खड्डा पडतो, तो कशानं भरता? वहिनींना विचारलंत का? धाग्यात अण्णा आले, आक्का आल्या, भावोजी आले, सुभेदार आले. बायको कुठं आहे?


उद्यमबाग_फिटर
मंगळवार, रात्री १०.३०

सुमनताई, बरोबर जागी बोट ठेवलंत.

तिच्या चार बांगड्या सोसायटीत तारण आहेत. तीन वर्षं झाली. ती काही बोलत नाही, पण मंगाईच्या जत्रेला हातात काचेच्याच घालते आणि मला ते दिसतं. आज तिला हा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "त्याला थांबवायचं असलं तर माझं नाव पुढं करू नका. आणि चालू ठेवायचं असलं तरी करू नका."

प्रायोजकाचं विचाराल, म्हणून तेही सांगून टाकतो. एका कंपनीनं दोन वर्षांमागं बोलावलं, फोटो काढले, सहा टोप्या आणि चार टी-शर्ट दिले. पैसे पुढच्या तिमाहीत म्हणाले. ती तिमाही अजून यायची आहे. टोप्या चांगल्या निघाल्या, शॉपमधली पोरं घालतात.


रालेकर
मंगळवार, रात्री ११.१५

मूळचा टिळकवाडीचा, पंचवीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राले शहराजवळ. इथं कॉर्न फेरी टूरची एक स्पर्धा होते, तिथं मी स्वयंसेवक म्हणून उभा असतो. दोन वर्षं आम्ही एका खेळाडूला घरी राहायलाही ठेवलं होतं. ह्या टूरवर ती पद्धत आहे. हॉटेल परवडत नाही म्हणून गावातली कुटुंबं खोली देतात.

कॉर्न फेरी म्हणजे अमेरिकेच्या पीजीए टूरच्या खालची पायरी. १९९० मध्ये बेन होगनच्या नावानं सुरू झाली, मग नायकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. नाव बदललं की समजायचं, पैसे देणारा बदलला. वर्षअखेर पहिल्या वीस जणांना वरचं कार्ड मिळतं, आधी तीस जणांना मिळायचं. एकाच हंगामात तीन स्पर्धा जिंकल्या तर मधेच बढती. आणि ह्या टूरच्याही खाली पीजीए टूर अमेरिकाज आहे. २०२४ मध्ये कॅनडाची आणि लॅटिन अमेरिकेची टूर एकत्र करून केली.

आमच्याकडचा पोरगा ३१ वर्षांचा होता. त्याच्या गाडीत मागं इस्त्रीची फळी, राइस कुकर, दोन बॅगा आणि मुलीचा फोटो. पहाटे साडेपाचला निघायचा, रात्री आमच्या हॉलमध्ये गालिच्यावर पटिंग करायचा. बायको त्याला थालीपीठ द्यायची, त्याला ते फार आवडलं होतं. रेंजवर त्याच्या शेजारी टीव्हीवर दिसणारे दोघे उभे होते. तिघांचे फटके मला तरी सारखेच वाटले. त्यानं मला एक सांगितलं ते लक्षात राहिलंय. म्हणाला, मी खेळात कमी पडत नाही, मी कमी पडतो ते मंगळवारी, गाडीचा हप्ता आठवतो तेव्हा.

नशीब बदलल्याच्या गोष्टीही ह्याच भागातल्या आहेत. आमच्याकडून सव्वा-दीड तासावर ग्रीन्सबरो आहे. २०१० मध्ये अर्जुन अटवालचं पीजीए टूरचं कार्ड गेलेलं होतं. सोमवारच्या एका फेरीच्या पात्रता चाचणीतून तो विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि रविवारी जिंकला. पीजीए टूरवर जिंकलेला पहिला भारतीय. सोमवारी आत येऊन जिंकणं त्याआधी चोवीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. आणि शेजारच्या वेक फॉरेस्टमध्ये वाढलेला डावखुरा अक्षय भाटिया कॉलेजला न जाता सतराव्या वर्षीच प्रोफेशनल झाला. २०२२ च्या जानेवारीत बहामातली कॉर्न फेरीची स्पर्धा जिंकला, २०२३ मध्ये पीजीए टूरवरची पहिली.

आमच्याकडचा पोरगा? आता एका क्लबात शिकवतो. ख्रिसमसला कार्ड पाठवतो. ह्या कार्डाला कट नसतो म्हणतो.


तिसरे_रेल्वे_गेट
बुधवार, सकाळी ८.२०

उदयन मानेचं नाव कुणीच घेतलं नाही? आपला मराठी गडी. टोकियो ऑलिंपिकला तो राखीव होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोनं माघार घेतली म्हणून शेवटच्या घटकेला जागा मिळाली. राखीव यादीत नाव असणं म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. त्याच ऑलिंपिकात बंगळूरची अदिती अशोक चौथी आली, पदक एका स्ट्रोकनं हुकलं. इथं पण एकच!


आकडेमोड
बुधवार, सकाळी ९.००

पुढच्या पायऱ्यांबद्दल थोडं, कारण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारणा झाली. आशियात २०१० पासून एशियन डेव्हलपमेंट टूर आहे. तिच्या यादीत वर आलेल्यांना एशियन टूरचं कार्ड मिळतं. पण मलेशिया, इंडोनेशिया असं फिरावं लागतं आणि ३८ हजारात ते होत नाही. युरोपची चॅलेंज टूर, आता तिचं नाव हॉटेलप्लॅनर टूर, २०२३ मध्ये बंगळूरला केजीएवर येऊन गेली. आपल्या पोरांना घरबसल्या मोठं मैदान मिळालं. अशा आठवड्यांची वाट बघून तयारी करावी, असं माझं मत.

थांबायचं झालं तर रस्ता बंद नाही. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठी वर्ग असतात. टूरवर खेळलेल्या शिक्षकाला पुण्या-बंगळूरकडं शिष्य मिळतात. फिटरसाहेब, हे आत्ताच करून ठेवायला हरकत नाही. हंगाम नसतो तेव्हा.

आणि एक गृहपाठ. मागल्या वर्षीची सगळी स्कोअरकार्डं काढा. एकूण बेरीज बघू नका. होलनिहाय मांडा.


सुभेदार_हिंडलगा
बुधवार, सकाळी ९.१५

आकडेमोडसाहेबांशी सहमत. पाव्हण्यांशीही अर्धा सहमत. पोराला थांबवू नका, हे माझं म्हणणं कायम.


उद्यमबाग_फिटर
शनिवार, रात्री ११.४०

तीन दिवस गायब होतो. कारण सांगतो.

आकडेमोडांनी सांगितलेला गृहपाठ केला. भाचा घरी आला होता. शॉपमध्ये रिजेक्शन वाढलं की आम्ही काय करतो? कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशीनवर, कितव्या पीसनंतर, असा तक्ता मांडतो. तसाच मांडला. १७ स्पर्धांची कार्डं, जेवणाच्या टेबलावर, भाचा वाचून दाखवतोय आणि मी लिहितोय. अण्णा बाजूला.

पहिल्या दिवसाची सरासरी ७१.३. दुसऱ्या दिवसाची ७२.६. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चौदा होलांत काहीच बिघाड नाही. सगळं जातंय ते शेवटच्या चारांत. जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत एक बोगी, म्हणजे ठरल्यापेक्षा एक जास्तीचा फटका, तिथंच.

टूल झिजलं की असं होतं, शिफ्टच्या शेवटी. म्हणून मी विचारलं, दमतोस का? खात नाहीस का? म्हणाला, नाही मामा, दमत नाही. मग काय होतं? बराच वेळ गप्प. आक्का आत गेली तेव्हा बोलला.

"मामा, पंधराव्या होलवर मला खोलीचं भाडं दिसतं."

मला आधी कळेना. मग त्यानं फोडून सांगितलं. कट हुकला तर त्याच संध्याकाळी खोली सोडायची, दोन रात्रींचं भाडं, दोन दिवसांचा कॅडी आणि जेवण वाचतं. कट गाठला आणि शेवटी कुठंतरी राहिला, तर मिळतात ते त्या दोन दिवसांच्या खर्चातच जातात. म्हणजे रेषेवर उभं राहून हा पोरगा पट मारताना बेरीज-वजाबाकी करत असतो. हुकला तरी फार नुकसान नाही, असं कुठंतरी आत वाटत असतं. मी ३८ हजारांची वही दर महिन्याला त्याला व्हॉट्सॲपवर पाठवत होतो. हिशेब पारदर्शक असावा म्हणून.

वही त्याच्या बॅगेत मीच घातली की हो.

रात्री ह्यावर घरात बोललो. ही पण होती. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या बारा स्पर्धा. वर्षं नाही, स्पर्धा. प्रत्येकीचे पूर्ण आठवड्याचे पैसे आधी भरायचे, खोली चार रात्रींची, परत मिळणार नाहीत अशी. वही मी त्याला दाखवायची नाही. बाराव्या स्पर्धेनंतर दुसऱ्या दिवसाची सरासरी पहिल्या दिवसाएवढी आली तर पुढचं वर्ष. नाही आली तर जानेवारीत प्रशिक्षकाचा वर्ग, आणि अर्ज आत्ताच करून ठेवायचा. भाच्यानं मान्य केलं. पाव्हणे, तुमचा गुडघा आम्ही कागदावर तयार केला बघा.

बांगड्यांचं तिनं स्वतः सांगितलं, मला लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो: दिवाळीपर्यंत सोडवायच्या, ह्या बारांच्याही आधी, कुठलाही खर्च कापून. सुमनताई, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आता खरी गोष्ट. कॅडीचे पैसे वाचवायला आणि पंधराव्या होलवर शेजारी कुणीतरी असावं म्हणून, पुढच्या आठवड्यात बॅग मी उचलणार आहे. शॉप आठवडाभर पोरांवर सोडतोय. वय ५३, गुडघे ठीक आहेत. गोल्फ मी आयुष्यात खेळलेलो नाही. सुभेदारसाहेब, काय काय करायचं ते सांगा.


शहापूरची_सुमन
शनिवार, रात्री ११.५२

वहिनींना माझाही नमस्कार. दिवाळीला विचारणार आहे, लक्षात ठेवा.


निपाणीचा_पाव्हणा
रविवार, सकाळी ६.१०

आता बॅग घेऊन पळालाय म्हणजे मामा खरा. स्पर्धा झाल्यावर निकाल इथंच लिहा.


सुभेदार_हिंडलगा
रविवार, सकाळी ६.४५

फिटरसाहेब, लिहून घ्या.

पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेवर, जायच्या आधी काठ्या मोजा. १४ पर्यंत चालतात. पंधरावी सापडली तर ज्या होलवर होती त्या प्रत्येकी दोन स्ट्रोक, फेरीत जास्तीत जास्त चार. सरावात कुणाचीतरी वेज काठी बॅगेत राहून जाते, असं बघितलंय. कॅडीनं नियम मोडला तरी दंड खेळाडूलाच, हे विसरू नका.

तो फटका मारायला उभा राहिला, की त्याच्या मागं चेंडूच्या रेषेत उभं राहायचं नाही. २०१९ पासून नियमच आहे. नेम बरोबर आहे का, ते मागून बघून सांगायचं नाही. ग्रीनवर सावली कुणाच्याच रेषेवर पडू द्यायची नाही. सूर्य कुठं आहे ते आधी बघा, मग पाऊल टाका.

चेंडू हरवला तर शोधायला तीनच मिनिटं. पळा. लाजू नका.

बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, तो बाहेर आला की रेक तुम्ही मारायचा. मुरमाच्या रस्त्यावर मारल्यासारखा नको, हलक्या हातानं.

होल झाला की आकडा तुम्हीही लिहा, पण वेगळ्या कागदावर. शेवटी कार्डावर सही तो करणार. एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही झाली की बाद.

आणि बोलू नका. त्यानं विचारलं तरच अंतर सांगा, नाहीतर पाणी द्या. पंधराव्या होलवर तर अजिबात बोलू नका. शेतातलं, शॉपमधलं, अण्णांचं काहीतरी सांगावंसं वाटेल. नंतर सांगा.

टॉवेल अर्धा ओला, अर्धा कोरडा.


उद्यमबाग_फिटर
रविवार, सकाळी ७.०२

गप्प बसणं अवघड आहे, पण करतो. टॉवेल घरचा चालेल का, का तोही दुकानातला लागतो?


सुभेदार_हिंडलगा
रविवार, सकाळी ७.०५

घरचा. जुना घ्या, नवा पाणी पीत नाही.